ऑर्विल टटलची गळती

गार्डीना गावातल्या आमच्या पत्त्यांच्या क्लबात माणसाला नाव नसतं, दोन अक्षरं असतात. आत यायचं, फळ्यापाशी येऊन आपली आद्याक्षरं सांगायची, मी ती खडूने लिहायची आणि एखाद्या टेबलावरची खुर्ची रिकामी झाली की माइकवरून पुकारायची. हे काम मी, म्हणजे लेस्टर, सव्वीस वर्षं करतोय. कोण कुणाचा नवरा, कोण कुठल्या गावचा, हे मला ठाऊक नसतं, पण कोण कसा हरतो हे मी डोळे मिटून सांगू शकतो.

ऑर्विल टटलची अक्षरं मात्र मी कधी लिहिली नाहीत, कारण तो खेळतच नसे. तो खेळवायचा. चाळीस वर्षं लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करून त्याने दुकान विकलं, बायको आधीच गेलेली, आणि आलेला पैसा त्याने आमच्या क्लबातल्या पोकर खेळणाऱ्यांच्या मागे लावायला सुरुवात केली. पैसा ऑर्विलचा, डोकं खेळणाऱ्याचं, जिंकलं तर निम्मं निम्मं. कागद नाही, वकील नाही, नुसता हातात हात. ज्याच्या मागे असा पैसा लागतो त्याला आमच्याकडे घोडा म्हणतात, आणि घोड्यांना त्याचं वाईट वाटत नाही.

घोडा निवडण्याची ऑर्विलची रीत त्याच्या धंद्याला शोभेल अशीच होती. तो म्हणायचा, पत्ते सगळ्यांनाच येतात, गळती कुठे आहे ते बघायचं. इथे कमावलेला पैसा माणूस कुठे घालवतो ती त्याची गळती. एकदा का कुणाबद्दल त्याच्या मनात आलं, की तो महिनाभर त्या माणसाच्या मागे असा हिंडायचा जसा ओल्या भिंतीवर कान लावून फिरतोय. तरी पहिला घोडा दुपारी जिंकलेले पैसे संध्याकाळच्या आत खऱ्या घोड्यांवर लावून यायचा. दुसऱ्याला तीन मेहुणे होते आणि तिघांनाही मासेमारीची होडी घ्यायची होती. तिसरा दर पंधरवड्याला कुणाच्या तरी प्रेमात पडायचा आणि प्रत्येक वेळी अंगठी घ्यायचा. चौथ्या-पाचव्याचं सांगत नाही, दोघंही अजून गावात आहेत.

सहावा ड्वेन क्रॉकर. त्याने ऑर्विलला खरं चक्रावून सोडलं. ड्वेन पीत नसे, शर्यतीला जात नसे, घरी आजारी मांजर सोडून त्याला कुणी नव्हतं. तरी पैसा चाललाच होता. ऑर्विल माझ्या फळ्यापाशी येऊन उभा राहायचा आणि डोकं खाजवायचा.

"पाणी जातंय लेस, पण ओल कुठे दिसत नाही," तो म्हणायचा.

मी खडू झटकायचो आणि पुढची अक्षरं पुकारायचो.

तोपर्यंत त्याच्याकडे दुकानाच्या पैशातलं शेवटचं गाठोडं उरलं होतं. त्याची मुलगी व्हर्ना फ्रेस्नोला असते. तिने गॅरेजच्या वरची खोली बापासाठी रंगवून घेतली होती, पडदे लावले होते, आणि दर रविवारी फोन करून पडद्यांचा रंग सांगत होती. शेवटी ऑर्विलने तिला शब्द दिला की आणखी एकच घोडा, तो बुडाला तर मी मुकाट्याने येतो. फ्रेस्नोला पत्त्यांचा क्लब नाही, ओळखीचं माणूस नाही, आणि जावई जेवताना विम्याबद्दल बोलतो. ऑर्विलला तिथे दुसऱ्याच महिन्यात काय होईल हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

म्हणून सातव्या घोड्याची पारख त्याने जिवाचं रान करून केली. ही घोडी होती, तोशिको इमादा. इथेच जन्मलेली, साठीची, नवऱ्यामागे एकटीने शेवंतीच्या फुलांचा मळा चालवणारी. सकाळी फुलं बाजारात पाठवून अकराला क्लबात यायची, दुपारी तीनला उठायची, जिंकत असली तरी आणि हरत असली तरी. खेळ उत्तम, पण बसायची छोट्या टेबलावर, कारण मळ्याचा पैसा पत्त्यांना लावणार नाही असं तिने नवऱ्याला तो जिवंत असताना कबूल केलं होतं. मोठ्या टेबलासाठी तिला दुसऱ्याचा पैसा हवा होता.

ऑर्विलने तिला शर्यतीला नेलं. तिने दिवसभरात एक डॉलर लावला नाही, उलट तिथल्या फुलवाल्याला शेवंतीच्या चार पेट्या विकून आली. ती मोठा डाव हरली त्या दिवशी त्याने तिला कॅफेत बसवून चेरी पाय, म्हणजे चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, खाऊ घातला. तिने अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधून घेतला आणि मळ्यात कीड कुठली पडलीय ते सांगितलं. तीन आठवडे झाले, कुठे टिपूस नाही. ऑर्विल एवढा खूश झाला की त्याने त्याच दिवशी हात पुढे केला.

तिने हात घेतला नाही. ती म्हणाली, तुम्ही मला तीन आठवडे पाहिलंत, आता मी तुम्हाला एक आठवडा पाहते.

ऑर्विल हसत हसत माझ्याकडे आला. पैसा त्याचा आणि तपासणी त्याचीच, हे त्याला भलतंच मजेदार वाटलं. मला वाटलं नाही.

कारण ड्वेनची गळती कुठे होती हे मला माहीत होतं. नुसतं मला नाही, त्या टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. ऑर्विल आपल्या घोड्याच्या खुर्चीमागे उभा राहायचा. खांद्यावरून पानं बघायचा. पानं चांगली आली की दोन्ही अंगठे पॅंट वर धरणाऱ्या खांद्यावरच्या पट्ट्यांत, गॅलिसमध्ये, जायचे आणि तो टाचा उचलून उभा राहायचा. पानं भिकार आली की तो छताकडे बघायचा, वरून पाणी टपकतंय की काय अशा चेहऱ्याने. समोर बसलेल्यांना ड्वेनकडे बघायची गरजच नव्हती. आणि घोड्याला काही कळायचं नाही, कारण ऑर्विल त्याच्या पाठीमागे. सहाच्या सहा घोडे टेबलावर असेच लुटले गेले, बाहेरची गळती त्यावर वेगळी. लोक ऑर्विलला आदराने जागा करून द्यायचे, कुणी तर त्याच्यासाठी कॉफी आणायचं. फळ्यावाल्याने खेळाबद्दल तोंड उघडायचं नाही असा क्लबचा नियम आहे, आणि मी चार वर्षं तो नियम पुढे करून मूग गिळून बसलो होतो.

तोशिकोबाई तो आठवडा मोठ्या टेबलावर बसल्या, ऑर्विलच्या उरल्यासुरल्या पैशावर अजून खेळणाऱ्या ड्वेनच्या बरोबर समोर. त्यासाठी बाईंनी तेवढ्यापुरते आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यातले पैसे काढले होते. पहिल्या दिवशी त्यांनी काही केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या चष्म्याच्या वरून ड्वेनच्या डोक्यावर कुठेतरी बघायला लागल्या.

शनिवारी दुपारी तीनला त्या उठल्या, कॅफेत गेल्या आणि मलाही बोलावून घेतलं. ऑर्विल आधीच बसला होता, दोन चेरी पाय मागवून. बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"हे आठशे डॉलर आहेत," त्या म्हणाल्या. "या आठवड्यात तुमच्या ड्वेनकडून जिंकले. म्हणजे तुमचेच आहेत."

"खेळलातच तशा तुम्ही," ऑर्विल म्हणाला.

"मी खेळले नाही हो टटल. मी तुमच्याकडे बघत होते."

मग त्यांनी गॅलिसचं सांगितलं, टाचांचं सांगितलं, छताचं सांगितलं. आवाज शेवंतीवरची कीड सांगताना होता तसाच. ऑर्विलचे अंगठे त्या वेळीही गॅलिसपाशी होते, ते त्याने खाली घेतले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"लेस, तुला माहीत होतं?"

मी हो म्हणालो. नियमाचं काही बोललो नाही. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही वाटली नाही. ऑर्विल उठला, चेरी पायला हात न लावता बाहेर गेला.

तीन दिवस तो आला नाही. मोठ्या टेबलावरचे लोक अगदी काळजीने त्याची चौकशी करत होते. मी त्याच्या घरी गेलो तर खोकी भरून ठेवलेली, वर नळकामाची हत्यारं नीट गुंडाळलेली. व्हर्नाला फोन केलास का, मी विचारलं. तो म्हणाला, उद्या करणार. मी म्हणालो, निदान बाईंना तरी नाही म्हणून सांगून ये, त्या वाट बघतायत. हे मी माझ्या मनाने सांगितलं, त्या काही बोलल्या नव्हत्या.

पण त्या खरंच वाट बघत होत्या. चौथ्या दिवशी तो क्लबात आला, टोपी हातात धरून, आणि म्हणाला की बाई, आता तुम्ही माझा पैसा घेणार नाही हे मला कळतं.

"घेणार ना," त्या म्हणाल्या. "माझ्यामागे पैसे लावायला आणखी तिघं तयार होते. तिघांचेही चेहरे दगडासारखे. जिंकल्यावर वाटणीच्या हिशेबात खोटं बोलतात की काय, मला काय कळणार? तुम्ही मला फसवायचं ठरवलंत तर त्या आधी छताकडे बघाल."

अट एकच होती. बाई खेळत असताना त्याने कॅफेत बसायचं, टेबलांकडे पाठ करून. आणि ते आठशे आधी गाठोड्यात टाकायचे. ऑर्विलने हात पुढे केला, या वेळी त्यांनी घेतला.

पहिला महिना त्याला फार जड गेला. घोड्यामागे उभं राहण्यातच तर त्याचं सगळं सुख होतं. मान वळू नये म्हणून तो चेरी पाय ठेवायच्या काचेच्या कपाटाकडे तोंड करून बसायचा. मोठ्या टेबलावरच्यांनी दोनदा त्याला प्रेमाने बोलावणं पाठवलं, एकदा कॉफीसकट. तो गेला नाही. नाताळापर्यंत व्हर्नाने ते पडदे उतरवून स्वतःच्या बैठकीत लावले.

एक दिवस बाई तीनला कॅफेत आल्या तर ऑर्विल त्या काचेत बघून चेहरा कोरा ठेवायचा सराव करत होता. आता बऱ्यापैकी जमतंय, त्याने अभिमानाने सांगितलं, थोड्या दिवसांनी मी मागे उभा राहिलो तरी चालेल.

बाईंनी पर्स बंद केली. "ज्या दिवशी हे तुम्हाला नीट जमेल, त्या दिवशी मी दुसरा माणूस शोधेन," त्या म्हणाल्या.

त्याने सराव सोडला. मी मात्र तेव्हापासून एक काम वाढवून घेतलं. तीन वाजता बाई उठल्या की मी माइक घेतो आणि फळ्यावर कधीच नसलेली अक्षरं पुकारतो, ओ. टी. ऑर्विल खुर्ची फिरवतो, लांबून बाई बोटांनी त्या दिवसाच्या जिंकल्या-हरल्याचा आकडा दाखवतात. मी बोटं बघत नाही. कधी तो छताकडे बघतो, पण बहुतेक दिवस अंगठे गॅलिसमध्येच जातात.