खालच्या अंगाला

“ए, ऊठ. तुझी जागा ती.”

काकूंनी बोट दाखवलं ते अंगणाच्या पार टोकाला. न्हाणीचं पाणी जिथे चरातून बागेत जातं, तिथल्या माडाकडे. मी चौथीत होते. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन त्यांच्या पडवीच्या कडेवर टेकले होते. नीट बसलेसुद्धा नव्हते. पाय खाली अंगणातच होते. पडवीवर सावली होती, अंगणात ऊन होतं, एवढीच काय ती गोष्ट.

काकू म्हणजे मालकीणबाई. त्यांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत माझी आई मोसमभर कामाला जायची. त्या दिवशी ती आणि आणखी दोघी अंगणात सुपारी सोलत होत्या. मी लगेच उठले नाही. एक गणित अर्धं राहिलं होतं, म्हटलं ते संपवून उठते. तेवढ्यात आई धावत आली आणि तिने माझ्याच पाठीत धपाटा घातला.

“जागा न्हाय का बाहेर? कशाला चढलीस तिथं?”

मी माडाखाली गेले. वळून बघितलं तर काकूंचा नातू घरातून तांब्या घेऊन आला होता. अनिरुद्ध. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी टेकले होते तिथे त्याने पाणी ओतलं. हळूहळू, सगळी कड भिजेल असं. शाळेत आम्ही फुलझाडांना घालायचो तसं. त्याला माझा राग नव्हता. त्याला सांगितलं, त्याने केलं. ते पाणी पडवीवरून अंगणात उतरलं, अंगणातून चरात गेलं आणि चरातून माझ्या पायाशी आलं.

दिवेआगरच्या अलीकडचं आमचं गाव. आम्ही बौद्धवाडीतले. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच घरातले देव गेले, पण गावाने आमची जागा काही बदलली नाही. शिष्यवृत्ती मला मिळाली. त्याचे पेढे काकूंच्या घरी द्यायला आई निघाली तेव्हा मी पुडा हातातून ओढून घेतला आणि आमच्याच वाडीत वाटला. तेव्हाही धपाटा बसला.

मी संशयी आहे. नवरा म्हणतो, इस्पितळात म्हणतात, सगळे म्हणतात. कुणी गोड बोललं की मी आधी त्याच्या हाताकडे बघते. हा स्वभाव मला जन्माने मिळालेला नाही. कुठून आला ते वर सांगितलं.

आता मी अलिबागला एका इस्पितळात नर्स आहे. चौदा वर्षं झाली. नवरा मिलिंद रोह्याकडे एका कंपनीत फिटर. मुलगी मैत्री, दहा वर्षांची. परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या, आणि आयर्लंडमधल्या एका इस्पितळाने मला कुटुंबासकट बोलावलं. एकच गोष्ट ठरायची राहिली. राहायचं कुठे? पंधरा दिवसांत पत्ता कळवा, त्या पत्त्यावरून मुलीची शाळा ठरेल, असं पत्र आलं. आम्ही तिघंही कधी महाराष्ट्राबाहेर गेलेलो नाही. त्या गावाचं नाव मला धड उच्चारता येत नव्हतं.

आणि अनिरुद्धचा फोन आला. मी तिकडे जाणार हे त्याला गावातून कळलं होतं.

“अगं, ओळखलंस का? मी त्याच गावात आहे आठ वर्षं. आमच्या अंगणात खेळायचीस ना तू?”

मी त्या अंगणात एकदाही खेळले नव्हते. आईला सुपाऱ्या वेचून दिल्या होत्या. पण मी “हो” म्हटलं. त्या “हो”ची मला अजून लाज वाटते.

तो भरभरून बोलला. तिथे पन्नासेक मराठी घरं आहेत, मंडळ आहे, गणपती असतो, मुलांना मराठी शिकवतात. मी त्याला “अनिरुद्धदादा, तुम्ही” म्हणत होते आणि तो मला “तू”. संध्याकाळी त्याने दोन गोष्टी पाठवल्या. एक मंडळाचा फॉर्म. त्यात नाव, गाव, गावातली आळी, कुलदैवत असे रकाने. दुसरा त्या गावाचा नकाशा. मधून नदी गेलेली, आणि नदीपलीकडे त्याने लाल गोल काढलेला. खाली लिहिलं होतं, “तुमच्यासाठी हे बरं. तिथे तुम्हाला मोकळं वाटेल.”

मिलिंद खूश झाला. “एवढं कोण करतं आजकाल?”

मीही तेच विचारत होते. एवढं कोण करतं, आणि कशासाठी?

मी नकाशा घेऊन बसले. माझं इस्पितळ नदीच्या अलीकडे. अनिरुद्धचं घर अलीकडे, इस्पितळापासून चालत दहा मिनिटांवर. लाल गोलातून कामावर यायचं तर दोन बस बदलायच्या. सकाळच्या पाळीला मी घरातून किती वाजता निघणार? मी त्याला तसं लिहिलं. तो म्हणाला, “इकडे घरंच मिळत नाहीत गं.” मी इंटरनेटवर शोधलं. त्याच्याच रस्त्यावर दोन खोल्यांचं एक घर रिकामं होतं. फोटोसकट.

मिलिंद वैतागला. “दुधाने तोंड पोळलं म्हणून किती वर्षं ताक फुंकणार आहेस? भांडायला चाललोय का आपण तिकडे? राहायला चाललोय.”

“कुठे राहायचं ते आपण ठरवायचं ना मग?”

“त्याला गाव माहिती आहे.”

“त्याला आपणही माहिती आहोत,” मी म्हटलं.

नाना आणि आई तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. नाना म्हणजे माझे वडील. तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल होते. जन्मभर दप्तरं वाहिली, मोजणीदार आला की साखळी धरली. अर्ध्या तालुक्याचे गावनकाशे त्यांना तोंडपाठ. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, बोटाने नकाशा इकडे तिकडे सरकवला.

“ह्यो उतार कुठला? पानी कुठनं कुठं जातं?”

“माहीत नाही, नाना.”

“ते आधी बघ. मी एवढी गावं मोजली. घर नंबर बघायला लागायचा न्हाय मला. गावाचं सांडपानी जिकडं वाहत जातं, तिकडं चालत गेलं की आपली वाडी यायची. वरच्या अंगाला वानीआळी, बामनआळी. खालच्या अंगाला आपन.”

मग त्यांनी लाल गोलाशेजारच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. “ह्ये काय?”

मी वाचलं. शहराचं मैलापाणी शुद्ध करायचा कारखाना होता.

नाना हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही.

आई कोपऱ्यात मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. “त्या दिशी मी तुलाच मारलं,” ती म्हणाली. “काकूला काय बोलता आलं न्हाय, म्हनून तुला.”

एवढ्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मला वाटत होतं ती विसरली असेल.

पण नकाशावरून माणसाचं मन सिद्ध होत नाही, हे मलाही कळत होतं. नदीपलीकडची वस्ती वाईट असेल असंही नाही. तिथेही माणसंच राहत असतील, नोकरीधंद्याची, आमच्यासारखी. कदाचित अनिरुद्धला खरंच माझी काळजी असेल. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं, पण कुठे ते दाखवता येत नव्हतं. मला खात्री करायची होती.

माझ्याबरोबर वैशाली नावाची नर्स आहे. तिलाही त्याच इस्पितळाने घेतलंय. तिचं आडनाव असं, की ते ऐकल्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मी तिला म्हटलं, मंडळाच्या त्या अनिरुद्धचा नंबर देते, त्याला तूही विचार, घर कुठे बघू म्हणून. माझं नाव काढू नकोस. तिला ते आवडलं नाही. “अगं, सहज सांगितलं असेल त्याने. तुला सगळीकडे तेच दिसतं.” मी म्हटलं, तेच दिसतंय का, ते मला एकदा बघू दे. तिने विचारलं. एकच नोकरी, एकच इस्पितळ, तिलाही नवरा आणि एक मूल.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाइल माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

“नदीपलीकडे अजिबात बघू नका. तिकडे सगळी मिक्स वस्ती आहे. आमच्या रस्त्यावरच एक घर रिकामं आहे, मी बोलून ठेवतो. इकडे सगळी आपली माणसं आहेत.”

मी ते तीनदा वाचलं. चीड आली, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. मी वेडी नव्हते. वैशाली म्हणाली, “ते घर मी नाही घेणार.” मी म्हटलं, “तू घे नाहीतर सोड, ते तुझं तू बघ. पण हे मला पाठव.”

अनिरुद्ध त्याच आठवड्यात सुट्टीवर गावी आला होता. “घरीच या, समोरासमोर बसून ठरवू,” म्हणाला. रविवारी आम्ही तिघं निघालो. आगरदांड्याला फेरीबोटीत मोटरसायकल चढवली. दिघीला उतरताना मिलिंद म्हणाला, “आपलं आडनाव गावावरून आहे. तिथे कुणाला काय कळतंय? फक्त ह्याला माहिती आहे. ह्याला दुखवू नकोस, आळीचा रकाना कोरा ठेव. सुखाने राहू.”

तो वाईट माणूस नाही. थकलाय. कंपनीत पंधरा वर्षं हेच करतोय, रकाना कोरा ठेवतोय.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. वादळात वाडीतली अर्धी झाडं पडली, तेव्हापासून त्या घरात पर्यटक उतरतात. पडवीवर वेताच्या खुर्च्या होत्या. अनिरुद्ध हसत पुढे आला. “या या, वर या. खुर्चीवर बसा.” मिलिंद खुर्चीवर बसला. मी पडवीच्या कडेवर बसले. त्याच जागी. मैत्री माझ्याशेजारी येऊन बसली.

“अगं, खाली काय बसतेस?”

“बरं आहे इथे.”

चहा आला. कप चांगले होते, सगळ्यांना सारखे. मी ते बघितलं. मी बघतेच. त्याने टॅबवर नकाशा उघडला आणि नदीपलीकडची घरं दाखवायला लागला. मी माझा मोबाइल त्याच्यापुढे ठेवला. एकाखाली एक, मला आलेला निरोप आणि वैशालीला आलेला.

तो वाचत असताना त्याचे कान लाल झाले.

“हे बघ, तू चुकीचा अर्थ काढतेस. मंडळात जुन्या विचारांची माणसं आहेत. उद्या कुणी काही बोललं तर त्रास तुलाच होईल. मी तुला त्यातून वाचवत होतो.”

“ती माणसं बोलली तर तू काय करशील, हे का नाही सांगितलंस?”

त्याने टॅब बंद केला. मिलिंदने चहाचा कप खाली ठेवला.

“लहानपणी मी इथे बसले होते,” मी म्हटलं. “तुझ्या आजीने उठवलं. मग तू तांब्या आणून इथे पाणी ओतलंस.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पडवीच्या कडेकडे.

“कुठला तांब्या?”

नाटक नव्हतं ते. खरंच आठवत नव्हतं त्याला. मी सव्वीस वर्षं तो तांब्या घेऊन फिरत होते. नव्या वर्गात, वसतिगृहात, इस्पितळाच्या जेवणाच्या खोलीत, बसायच्या आधी जागा बघत होते. आणि त्याच्या डोक्यात तो नव्हताच. शिवी दिली असती तर मला इतकं लागलं नसतं.

“तुझ्या रस्त्यावरचं घर मी काल घेतलं,” मी म्हटलं. “वैशालीने सोडलं. घरमालकाशी मीच बोलले. तो तिथलाच आहे, त्याने पगाराचं पत्र मागितलं. आळी नाही विचारली. इस्पितळालाही पत्ता कळवलाय.”

मिलिंदलाही हे तेव्हाच कळलं. मी त्याला सांगितलं नव्हतं, कारण मला त्याचीही खात्री नव्हती. मला वाटलं तो चिडेल. तो उठला, खुर्ची मागे सरकवली आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन कडेवर बसला. आम्ही तिघं तिथे चहा संपेपर्यंत बसलो. कुणाला घाई नव्हती.

परतताना बोटीत मैत्रीने विचारलं, “तो काका तांब्या विसरला कसा?”

“त्याला विसरून चालतं,” मी म्हटलं.

त्या रात्रीच मंडळाचा फॉर्म भरून पाठवला. गावातली आळी: बौद्धवाडी. कुलदैवत: नाही. पोच आली नाही. येईल असं वाटतही नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही जातोय. तिथे सगळं गोड होईल असल्या भ्रमात मी नाही. गोरे कसे वागतील ठाऊक नाही, आपले कसे वागतील ते थोडं ठाऊक आहे. मंडळाने बोलावलं तर जाईन. नाही बोलावलं तर त्यांच्याच दारावरून रोज कामाला जाईन, त्यांना दिसेल अशी. पत्ता बदलणार नाही. मैत्रीला सगळं सांगितलंय, आळी, चर, तांब्या, सगळं. कुणी ऊठ म्हणालं तर आधी का ते विचारायचं, आणि उत्तर पटेपर्यंत बसून राहायचं, एवढं तिला पाठ आहे. ती बसून राहील. आणि धावत येऊन तिच्या पाठीत धपाटा घालणारी आई तिथे नसेल.