झेन ओढते, पद्मिनी ढकलते

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी वरळी कोळीवाड्यात ब्रीफिंग घेतलं. मी रिटायर्ड हवालदार. सगळी नोकरी फौजेच्या गाड्या दुरुस्त करण्यात काढली. राहायला लालबाग. समोर नवरी गौरी आणि तिची आई हिराबाई. विषय एकच: नवरीने परळच्या हॉलवर कोणत्या गाडीतून जायचं.

गाड्या दोन. माझी झेन, वयस्कर पण एसी चालू. दुसरी गौरीच्या बाबांची पद्मिनी, झेनच्या आईच्या वयाची, गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी. गौरीचा बाप नाईक दत्ताराम आमच्या युनिटचा ड्रायव्हर, माझा जिगरी दोस्त. डोंगरात कॉन्व्हॉय नेताना दरडीखाली गेला. तेव्हापासून हिराबाई तीच पद्मिनी स्वतः चालवत बाजारात मासळी नेते.

"मला बाबांच्या गाडीतून जायचंय," गौरी म्हणाली.

"निगेटिव्ह. बोंबलाचा वास येतो. सासरचे काय म्हणतील?"

"ते पण कोळीच आहेत, काका."

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी रँक वापरली. नवरी झेनमध्ये. पद्मिनीत हिराबाई आणि रुखवताची भांडी. गौरीचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण ऑर्डर दिली ती दिली.

मी सेकंडहँड झेन घेतली तेव्हा सुट्टीवर आलेला दत्ताराम पोट धरून हसला होता. "ही पुढच्या चाकांनी ओढते रे. माझी मागून ढकलते. चढावर कळेल तुला."

लग्नाच्या दिवशी हॉलच्या चढावर कळलं. हॉलसमोरचा रस्ता फुलवाल्यांनी नुकताच धुतला होता, वर झेंडूचा लगदा. झेनच्या मागच्या सीटवर नवरी आणि तिच्या दोन दणकट आत्या. सगळं वजन मागे, पुढची चाकं हलकी. अर्ध्या चढावर ती जागच्या जागी गरगरायला लागली. मुहूर्त तोंडावर आलेला.

"आत्या, डीबस! खाली उतरा!"

"शालू चिखलात घालू? तुम्हीच उतरा," थोरली म्हणाली.

हुकूम फक्त फौजेत पाळतात. मी फोन लावला. "हिराबाई, पोझिशन?"

"तुमच्या मागंच हाय, भावजी. चढत नाय काय?"

"नाही."

"हँडब्रेक सोडा. मी ढकलते."

तिच्या डिकीत पितळेची भांडी, त्यामुळे मागची चाकं रस्त्याला घट्ट चिकटलेली. पद्मिनीचा लोखंडी बंपर माझ्या प्लास्टिकच्या बंपरला टेकला. कडाड आवाज झाला आणि झेन वर सरकू लागली. वऱ्हाडाने शिट्ट्या मारल्या. मी स्टिअरिंग धरून रुबाबात समोर बघत राहिलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

गौरी मात्र पूर्ण वळून मागच्या काचेतून बघत होती.

"समोर बघ गं, नवरी आहेस," आत्या म्हणाली.

"थांब ना. बाबा सोडायला आलेत."

दोन्ही आत्याही मागे वळल्या. माझे डोळे भरून आले, आरशातलं काही दिसेना.

हॉलच्या दारात माझा बंपर गळून पडला. आमचं नुकसान तेवढंच.

संध्याकाळी पाठवणीला गौरी पद्मिनीत बसली. ऑर्डर माझीच. गाडी निघाली तसा मी सावधान झालो आणि सॅल्यूट ठोकला. बोंबलाचा वास आला. नाईक दत्ताराम, ड्रायव्हर, पोरीच्या लग्नाला हजर होता.