मोहकमसिंगाचं आतडं

लुधियान्याच्या आमच्या गुरुद्वाऱ्यात मी पेटी वाजवतो आणि मोहकमसिंग तबला. एकवीस वर्षं शेजारी बसतोय. त्यातली पंधरा वर्षं त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. मोठ्या आतड्याला आतून जखमा, जुलाब, रक्त. कीर्तन चालू असताना तो माझ्याकडे नुसतं बघायचा आणि उठून जायचा. तो परतेपर्यंत मी आलाप लांबवत बसायचो.

गेली दोन वर्षं गोळ्यांनी त्याला आराम होता. म्हणून दरवर्षीची दुर्बिणीची तपासणी त्यानं दोन्ही वेळा चुकवली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की रक्त थांबलं तरी इतकी वर्षं सुजलेल्या आतड्यात गुपचूप कॅन्सर होऊ शकतो. तो म्हणायचा, बरं चाललंय तर उकरून कशाला काढायचं? शेवटी त्याची बायको प्रकाश कौर म्हणाली, "येताय, की तबला कोठीत टाकून कुलूप लावू?"

तो गेला. दुर्बिणीतून काढलेले आतड्याचे तुकडे तपासायला गेले. अकरा दिवस रिपोर्ट नव्हता आणि अकरा दिवस मोहकम एका जागी टिकला नाही. लंगरमध्ये डाळ वाढायला घ्यायचा, बादली मध्येच ठेवून अंगणात फेऱ्या मारायचा. बोटं मांडीवर चालूच, पण ताल कुठलाच नाही. दोनदा त्याची सम चुकली.

एका चपट्या डागात कॅन्सर निघाला. बाई म्हणाल्या, मोठं आतडं सगळंच काढावं लागेल. तेवढाच तुकडा काढा, म्हणून हा अडून बसला. उरलेल्या आतड्यानंही तीच पंधरा वर्षं काढली आहेत, असं त्यांनी सांगितल्यावर त्यानं तो हट्ट सोडला. शौचासाठी पोटाला कायमची पिशवी लागणार होती.

खरी भीती त्यानं चपला ठेवतात त्या जोडेघराच्या बाकावर मला सांगितली. "पोटाला घाणीची पिशवी बांधून महाराजांसमोर कसा बसू?"

आमच्यात गुरूंचा ग्रंथ म्हणजेच महाराज. मी त्याला ग्रंथाचा पाठ करणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या ग्रंथींकडे, ग्यानी बचित्तरसिंगांकडे नेलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"आणि आम्ही सगळे पोटात काय घेऊन बसतो रे? तुझी बाहेर असेल, एवढंच."

मोहकम हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशनमध्ये आतड्याभोवतीच्या गाठीही काढून तपासल्या, त्यांत कॅन्सर पसरला नव्हता. चार महिन्यांनी तो परत बसला. पहिल्याच दिवशी ऐन कीर्तनात पिशवी गुरगुरली, समोरच्या एका बाईनं वर पाहिलं. मोहकमचे कान लाल झाले, पण ठेका सुटला नाही. सूर चुकला तो माझा.

आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते. तारीख तो स्वतःच फोन करून घेतो आणि त्याआधीचा आठवडा सगळ्यांना हैराण करतो. प्रकाश कौर त्याला घरातून हाकलते, "जा भाईजींकडे." मग तो माझ्या ओट्यावर येरझाऱ्या घालतो आणि मी चहा टाकतो.