रविवारची चेकडिस्क

फोन अनुराधाचा होता. सुभाष मान्यांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ती त्यांच्याबरोबर काम करायची. "सर, माने काका गेले... दुकानातच छातीत दुखायला लागलं," म्हणाली. मी फक्त "बरं" म्हणालो. महिना उलटून गेला, तरी त्या "बरं"चा मला राग येतो.

ओळख झाली ती माझ्या हट्टामुळे. पत्नी गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात सोलापुरात वीज सारखी ये-जा करत होती आणि एका दुपारी माझा कॉम्प्युटर सुरूच होईना. तिचे सगळे फोटो त्यात. दोन दुकानदारांनी सांगितलं, विंडोज नव्यानं टाकावं लागेल, आतलं काही वाचेल याची खात्री नाही. मी निवृत्त शिक्षक, दोघांनाही वर्गातल्यासारखं झापून बाहेर पडलो. तिसरं दुकान मान्यांचं. ते मूळचे केम गावचे, इथं एकटेच राहायचे. घरी आले, पडद्यावर काळी खिडकी उघडली, डिस्क तपासायची 'चेकडिस्क' ही आज्ञा टाइप केली आणि खिशातला रुमाल काढून भिंतीवरच्या बटनावर अडकवला. हे काय, म्हणून मी विचारलं.

"तपासणीचा टक्का पडद्यावर एका जागी थांबला की लोकांना वाटतं, अडकलं. मग बटन बंद करत्यात, आन् हाय ती डिस्क पण जाती. तिला बसू द्या की सर. आत काम चालू हाय."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं त्या टक्क्याकडे बघत बसलो. डिस्कवरचे खराब भाग बाजूला पडले, मग दुसरी आज्ञा देऊन त्यांनी विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त केल्या. फोटो जसेच्या तसे होते. मला रडू आलं, ते रुमालाची घडी करत बसले. जाताना म्हणाले, "जुनी डिस्क हाय, भरवसा न्हाई. रविवारी परत बघू."

तेव्हापासून दर रविवारी नाश्त्याच्या वेळेला माने हजर. सोबत कडक भाकरी, शेंगाची चटणी. ते तपासणी चालू करायचे आणि मी चहा ठेवायला आत जायचो. परत येईपर्यंत काळी खिडकी बंद झालेली असायची आणि पत्नीचा एखादा फोटो उघडलेला. "बाईंचा हा फोटो कुटला, सर?" एवढंच विचारायचे. मग मी सांगत सुटायचो. तिच्याबद्दल मला तसं विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. नातेवाईक तर तिचं नाव निघालं की विषय बदलायचे, मला त्रास होईल म्हणून... कधी मी कुरकुरायचो, मशीन एवढी तपासायची कशाला? पण मनात म्हणायचो, एकटा माणूस आहे, येऊ दे बिचारा.

ते गेल्यावर मला डिस्कची धास्ती बसली. आता ती बिघडली तर कुणाला हाक मारायची? शेवटी परवाच्या रविवारी अनुराधालाच बोलावलं. तिनं मशीन उघडली, आत डोकावली आणि माझ्याकडे वळली.

"सर, हिला काय होणार? डिस्क नवीन आहे. मागं साफ करायला दुकानात आणली होती ना, तेव्हाच काकांनी बदलली. फोटोंची वेगळी प्रतसुद्धा करून ठेवलीय त्यांनी."

"मग दर रविवारी काय तपासायचे?"

"मीपण विचारलं होतं. म्हणाले, सरांकडचं काम अजून संपलं न्हाई."

म्हणजे मी त्यांना सांभाळून घेतोय असं मला वाटत होतं, आणि खरं तर तेच मला सांभाळून घेत होते. अनुराधाला चहा विचारायचं भानही मला राहिलं नाही.

ती गेल्यावर मी स्वतः काळी खिडकी उघडली. त्यांची बोटं आठवत ती दुसरी आज्ञा टाइप केली आणि या वेळी आत न जाता शेवटपर्यंत बसलो. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. बिघडलेली एकही फाईल सापडली नव्हती. ती मी दोनदा वाचली. मग तीच आज्ञा पुन्हा दिली आणि खुर्ची जवळ ओढून बसून राहिलो.