गावावरून जाताना कुलूप

आमच्या लाँचवरचे किस्से तिच्या संडासाच्या टाकीसारखे आहेत. रोज थोडे थोडे साठतात आणि मग कुठेतरी रिकामे करावेच लागतात. आज तुम्ही सापडलात!

डिंभ्याच्या धरणात आमची टुरिस्ट लाँच फिरते. मी ती चालवतो. मालक म्हणजे मंचरचे शेठ, कांदा-बटाट्याचे आडतदार. संडास, टाकी, साफसफाई सगळं किसनमामांकडे. मामांचं जुनं गाव याच पाण्याखाली गेलंय. संडासाची किल्ली कायम त्यांच्या करदोट्याला असते.

सुरुवातीलाच पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "हे सगळं खाली पाण्यातच जातं ना?"

मामा दुखावले. "बाई, आमी पितो हे पानी." त्यांनी फळी उचलून टाकी दाखवली, पाइप दाखवला, झाकण दाखवलं. तरी शंका नको म्हणून वाकून धरणाचं ओंजळभर पाणी प्यायले. तिथेच थांबले असते तर बरं. त्याच ओल्या हाताने त्यांनी बाईंपुढे बिस्किटं धरली. बाईंना नेमका त्या दिवशी उपास निघाला.

*

उन्हाळ्यात टाकीचा वास यायला लागला. शेठनी औषध आणायला सांगितलं.

"औशद कशाला, घरचं हाये की," म्हणत मामांनी शेतात घालतो ते जीवामृत आणलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, सगळं आंबवलेलं. बादलीभर टाकीत ओतलं. शेतात ते गुणाचं, पण बंद टाकीत फुगत बसलं.

दुसऱ्या दिवशी लाँचवर प्री-वेडिंगचं शूटिंग. नवरदेवाने गुडघा टेकला, अंगठी काढली, आणि टाकीच्या हवेच्या पाइपातून असा काही आवाज निघाला की नवरी नवरदेवाकडे बघायला लागली.

"ताई, त्यांचा न्हाई," मामा मागून ओरडले, "टाकीचा हाये!"

लग्न झालं. मामांना आमंत्रण होतं.

*

टाकी उपसायला मंचरहून सक्शनची गाडी येते. एका रविवारी ती हायवेला कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकली. इकडे टाकी गळ्यापर्यंत भरलेली आणि धक्क्यावर ही गर्दी. मामा लाँचवर चढायच्या फळीवर उभे राहून चढणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, "घरून जाऊन आलात ना?"

रांगेत एक रिटायर्ड हेडमास्तर होते. जन्मभर सहलीच्या पोरांना हाच प्रश्न विचारलेला माणूस. मान खाली घालून म्हणाले, "हो सर."

*

पण मामांची एक रीत शेठना सोसत नव्हती. लाँच जुन्या गावावर आली की मामा संडासाला कुलूप घालायचे. देवळापासून पलीकडच्या वेशीपर्यंत कुलूप. टाकीतून थेंब बाहेर पडत नाही, हे त्यांना काय माहीत नव्हतं?

"मामा, अहो सगळं टाकीतच राहतं की," मी एकदा म्हणालो.

"ऱ्हातंय रं. पर खाली देऊळ हाय, लोकांची घरं हायेत. घरांवर बसायचं का मानसानं?"

पाहुणे कुरकुरायचे. एकाने थेट शेठना फोन लावला. शेठ मला म्हणाले, "आता एक जरी तक्रार आली, तर कुलूप काढायचं आणि मामांना घरी बसवायचं."

मला फार वाईट वाटलं. मामांशिवाय ती लाँच माझ्याच्याने चालली नसती. मी त्यांना शेठचा निरोप सांगितला. ते "बरं" म्हणाले आणि कुलपाला तेल घालत बसले.

पुढच्याच आठवड्यात शेठ स्वतः आले, आईंना फिरवायला घेऊन. आईंना साखरेचा त्रास, त्यांना घडोघडी जावं लागायचं. लाँच देवळावर आली, मामांनी कुलूप घातलं, आणि आई काठी टेकत उठल्या.

"मामा, किल्ली," शेठ म्हणाले.

मामा जागचे हलले नाहीत. "आई, जरा दम धरा. खाली आमचं जुनं गाव हाये."

शेठचा चेहरा बघून मी समजलो, मामांची आज शेवटची फेरी. मी लाँचचा वेग वाढवला. आई मात्र पुन्हा बसल्या आणि काठीवर हनुवटी टेकून पाण्याकडे बघायला लागल्या.

"आता खाली कोनाचं घर?" त्यांनी विचारलं.

"पाटलांचं."

"आन आता?"

"सुताराचं."

"आता?"

मामा कठड्यावरून खाली वाकले. "आमचं."

"मंग जाऊ द्या तुमचं घर मागं. थांबते मी."

मामांनी मला हात केला. मी इंजिन बंद केलं. त्यांनी करदोट्याची किल्ली सोडली, कुलूप काढलं आणि दार धरून उभे राहिले.

"या, आई. पावणी घरी आली आन आमचं दार बंद, असं कदी झालं न्हाई."