सरनौबत फितूर झाला

आम्ही बागबाजारला राहायचो, आणि ही गोष्ट बाबा घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला एका खास सुरात सांगायचे. मराठ्यांची धाड येणार म्हणून दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती जो खंदक खणायला घेतला, तो आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर सुरू व्हायचा. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. खंदक अर्धाच राहिला आणि पुढे बुजवूनही टाकला. "बिचाऱ्यांनी एवढी तयारी केली, आणि आपण आलो ते बदलीच्या हुकमावर, ट्रंका आणि पाटा-वरवंटा घेऊन!" असं म्हणून बाबा स्वतःच सगळ्यांत आधी हसायचे. ते खिदिरपूरच्या गोदीत एका जहाज कंपनीच्या कचेरीत होते. मी जन्मले ती कलकत्त्यातच, आणि माझी मराठी आईच्या मते 'चालण्यासारखी' होती. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो स्वतःला पक्का मराठी समजायचा, कारण त्याला मुंबईतलं एक घर अंधूक आठवत होतं.

दुर्गापूजेची सुट्टी लागली की आम्ही गच्चीवर दिवाळीचा किल्ला करायचो. साऱ्या बागबाजारात किल्ला करणारं आमचं एकच घर. माती गंगेच्या घाटावरची, विटा घरमालकांच्या, तटावरच्या हिरवळीसाठी मोहरी. मावळे मात्र कलकत्त्यात कुठून मिळणार? ते बाबांनी कुमारटुलीतल्या एका मूर्तिकाराकडून करून घेतले. तो देवीच्या मूर्ती करणारा मोठा कलावंत, पण महाराज त्याने कधी पाहिले नव्हते. बाबांनी वर्णन सांगितलं, त्याने मान डोलावली, आणि आठ दिवसांनी आमच्या हातात ठेवले ते घोड्यावर बसलेले, गोरेगोमटे, बारीक मिशीचे, देवीच्या शेजारचे साक्षात कार्तिकस्वामी. दाढी नव्हतीच. दादाने बुटाच्या पॉलिशने ती काढली. दरवर्षी ती थोडी पसरत गेली, पण आम्ही त्या मूर्तीला मनापासून मुजरा करायचो.

किल्ला म्हटला की शत्रू हवा. तो तळमजल्यावर होता. घरमालकांची नात माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात, आणि वर्षाचे अकरा महिने माझी जिवाभावाची मैत्रीण. सुट्टीत मात्र ती नवाबाची फौज घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहायची. तिचे सैनिकही त्याच मूर्तिकाराचे, त्याच साच्यातले. आमच्या पगड्या हळदकुंकवाने रंगवलेल्या, तिच्या सैनिकांच्या दौतीतल्या शाईने, एवढाच काय तो फरक. तोफगोळे म्हणजे गोट्या. रोज दुपारी जेवणं झाली की एक लढाई, आणि ज्याची सरशी त्याची रेघ कठड्यावर कोळशाने. एका सुट्टीत न संपलेलं युद्ध पुढच्या सुट्टीत चालू व्हायचं. दादा आणि मी एका बाजूला, ती एकटी दुसऱ्या. हे न्यायाचं नाही असं आम्हाला कधी वाटलं नाही, आणि तीही कधी बोलली नाही. नेम तिचा इतका पक्का होता की पहिली तीन वर्षं तिच्याच रेघा जास्त होत्या.

मग बाबांनी गोदीवरून सरनौबत आणला.

एका खलाशाकडून त्यांनी तो घेतला होता. जपानी, पत्र्याचा, वीतभर उंच. चौकोनी डोकं, छातीवर रंगवलेली घड्याळं, डोळ्यांच्या जागी दोन लाल भिंगं. असलं खेळणं आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. बाबा म्हणाले, हा यंत्राचा माणूस. सांगाल ते ऐकतो, स्वतःचं डोकं चालवत नाही. आई म्हणाली, मग घरात आणखी एक कशाला? दादाने त्याच दिवशी त्याला स्वराज्याचा सरनौबत, म्हणजे घोडदळाचा प्रमुख, करून टाकलं. घोडा नसलेला हा पहिलाच सरनौबत असावा. पाठीत चावी घालून पिळली की तो खर्र खर्र करत सरळ चालायचा. वळणं त्याला ठाऊक नव्हतं. वाटेत येईल त्याला आडवं करून तो पुढे जायचा, आणि गोटी लागली तर टण्ण आवाज करायचा, बस्स. आज्ञा देणं दादाचं काम, चावी देणं माझं.

त्यानंतर नवाबाचं काही खरं राहिलं नाही. दोन सुट्ट्या आम्ही तिला नुसती धूळ चारली. कठड्यावर आमच्याच रेघा. ती ओठ घट्ट मिटून आपले पडलेले सैनिक गोळा करायची, ज्यांची मुंडकी तुटली त्यांना डिंकाने चिकटवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहायची. मला तिचं कौतुक वाटायचं आणि हरवायची मजाही वाटायची. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे लहान मुलांना चांगलं ठाऊक असतं.

तिसऱ्या वर्षी आम्ही वर गेलो तर तिच्या बाजूला फौजच नव्हती. गाव होतं. मातीच्या बुटक्या झोपड्या, वर खऱ्या गवताची छपरं, भाताचं इवलंसं शेत, आरशाचा तुकडा ठेवून केलेलं तळं, एक बाई, दोन मुलं आणि एक पांढरी गाय. तिच्या आजीने, म्हणजे ठाकुमाने, आठ दिवस तिच्या शेजारी बसून ते करवून घेतलं होतं.

"सैन्य कुठाय?" दादाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "या वर्षी गाव आहे."

"मग लढणार कोण?"

तिने एका छपरावरचं गवत सारखं केलं. दादाला वाटलं, यात काहीतरी डावपेच आहे. त्याने हुकूम सोडला. मी चावी दिली, पूर्ण, पिळेना होईपर्यंत. सरनौबत शेतातून गेला, दोन झोपड्यांतून गेला, आणि गाईवर पडून पाय झाडत राहिला. गाईचे तीन तुकडे झाले. दादाने "हर हर महादेव" केलं. मी टाळ्या वाजवल्या. हे गाळून टाकावंसं आजही वाटतं, पण वाजवल्या.

ती रडली नाही. तुकडे फ्रॉकच्या ओच्यात गोळा करून जिना उतरून गेली.

तासाभराने मी खाली गेले. सुट्टीतल्या लढाया गच्चीवर संपतात असा आमचा अलिखित नियम होता, आणि ठाकुमाचे नारळाचे लाडू तयार असणार हेही मला माहीत होतं. ठाकुमा ओसरीवर बसून गाईचे तुकडे जुळवून पाहत होती. मैत्रीण पाठ करून बसली होती.

"ठाकुमा, गावात एकही शिपाई का नाही ठेवला?" मी विचारलं. आमचं बोलणं अर्थात बंगालीत.

"कुठून ठेवणार?" ठाकुमा म्हणाली. "बर्गी आले तेव्हा आमच्या गावात शिपाई नव्हताच. माझ्या आजीच्या आजीने तिच्या आजीकडून ऐकलेलं. घोड्यांचा आवाज आला की बायका मुलांना घेऊन तळ्यात उतरायच्या. गळ्यापर्यंत पाण्यात. वर कमळाची पानं ओढून घ्यायच्या. घरं जळायची, धान्य जायचं, गुरं जायची. एकदा दोन दिवस उभ्या होत्या. एकीचं मूल पाण्यातच गेलं."

बर्गी. हा शब्द मी बाबांच्या तोंडून ऐकला होता, त्या खंदकाच्या गोष्टीत. आणि ठाकुमाला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही, या आनंदात मी ताठ बसून म्हणाले, "ठाकुमा, ते आमचे लोक! बर्गी म्हणजे आम्हीच, मराठे!"

माझी खात्री होती की तिला नवल वाटेल, कौतुकही वाटेल. आमच्या घरच्या गोष्टींत घोड्यावरून आलेला प्रत्येक मराठा शूरच असायचा. घोड्यासमोर कोण होतं, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

मैत्रीण उठली आणि आत निघून गेली. ठाकुमाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही, चष्मा नाकावर खाली ओढून, एखादी वस्तू नीट निरखावी तसं. मग तिने माझ्या हातावर एक लाडू ठेवला.

"आधी खा," ती म्हणाली. "उपाशी बर्गी दारात नको."

तो लाडू तसाच मुठीत राहिला. वर येऊन मी बाबांना गाठलं. ते पेपर वाचत होते.

"बाबा, बर्गी खरंच आपले होते?"

"होते की."

"त्यांनी गावं जाळली?"

बाबांनी पेपर खाली केला. नेहमीचा विनोद त्यांच्या ओठांवर आला असावा, पण त्यांनी तो गिळला. "जाळली," ते म्हणाले. "आपलेच होते आणि त्यांनी जाळली. त्यात छाती फुगवण्यासारखं काही नाही, बेटा. मी उगाच हसतो." आणि मग, "खाली काही बोललीस का तू?"

मी मानेनेच हो म्हटलं. बाबांनी पेपरची घडी करून ठेवून दिली.

रात्रभर मला एकच भीती. ती आता माझ्याशी बोलणार नाही. सुट्टी संपेल, शाळा सुरू होईल, आणि बाकावर ती दुसरीकडे सरकून बसेल. मला दुसरी मैत्रीण नव्हती, आणि खरं सांगायचं तर नकोही होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर आली. पडलेल्या झोपड्या उभ्या केल्या आणि गावासमोर गुडघ्यांभोवती हात घालून बसली. गाय नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दादाला जोर चढला होता. "अजून तळं राहिलंय," तो म्हणाला. "दे चावी."

मी चावी दिली. मग महाराजांना अलगद उचलून कठड्यावर ठेवलं. त्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. ते गेल्यावर साठेक वर्षांनी बर्ग्यांचं हे सगळं झालं होतं. मग सरनौबताचं तोंड फिरवलं, आमच्या किल्ल्याकडे, आणि त्याला सोडून दिलं.

बिचारा जसा तिच्या गावातून गेला होता तसाच आमच्या महादरवाजातून गेला. स्वतःचं डोकं चालवत नव्हता, बाबा म्हणाले ते खरंच होतं. बुरूज पडला, पंधरावीस मावळे आडवे झाले, मोहरीची हिरवळ उखडली. दादा इतका थक्क झाला की त्याला थांबवायचंही सुचलं नाही.

"फितूर!" शेवटी त्याला शब्द सापडला. "फितूर झालीस तू!"

मराठी घरात याहून वाईट शिवी नाही. अंगाचा तिळपापड झालेला दादा जिना दणाणत खाली गेला. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी तो सरनौबत मागायला तळमजल्यावर गेला, आणि ठाकुमाने त्याला बसवून आधी खेळातल्या एका झोपडीचं छप्पर शाकारून घेतलं. त्याने ते मन लावून केलं. दादा मुळात चांगलाच होता. पण हे नंतरचं.

त्या दुपारी गच्चीवर आम्ही दोघीच उरलो. मी सरनौबताला ढिगाऱ्यातून उचललं, पुसलं आणि तिच्या गावाच्या वेशीवर नेऊन उभं केलं. "हा आता तुमच्या बाजूने," मी म्हणाले.

तिने त्याला हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"याला काय कळतंय?" ती म्हणाली. "चावी देईल त्याच्या बाजूने हा. काल कोणी दिली होती?"

मला दादाचं नाव सांगता आलं असतं. हुकूम त्याचा होता. बाबांचं, पुस्तकांचं, कुणाचंही सांगता आलं असतं.

"मी," मी म्हणाले. "टाळ्यापण मी वाजवल्या."

आणि मग मला रडू कोसळलं. सरनौबताला तिने तळ्याच्या काठावर बाईशेजारी उभं केलं, तोंड बाहेरच्या बाजूला करून. मग पाण्याच्या वाटीत बोटं बुडवली, मातीचा एक गोळा मळला आणि माझ्यापुढे सरकवला.

"गाय तू कर," ती म्हणाली.

मी केली. संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत करत होते. एक शिंग राहीना, चार पाय चार लांबीचे झाले, शेपटी पडली ती तिने चिकटवून दिली. कुमारटुलीच्या त्या मूर्तिकाराने पाहिली असती तर धंदा सोडला असता. आम्ही ती ओली गाय फळीवर ठेवून दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून खाली नेली. ठाकुमा तुळशीपुढे दिवा लावत होती. तिने चष्मा खाली ओढला, गाईकडे पाहिलं, माझ्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं.

"ऐकलंत का गं सगळ्यांनी," तिने घरात हाक दिली. "बर्ग्याने गाय परत आणून दिली. आमच्या घराण्यात असं पहिल्यांदाच झालं!"

आतून तिच्या सुना धावत आल्या. मला त्यांनी तसंच, चिखलाच्या हातांनी, घरात नेलं.