शेजारच्या तव्यावरचा वास

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सुरू झाले की मधे कुणी दात काढलेले मला चालत नाहीत. आणि हे बाहेर कुठे बोलायचं नाही. तसं आख्ख्या चौल गावात माहीत आहे म्हणा, पण माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही. चहा घ्या, सांगते.

तर मी मिश्री सोडली. हो, मी! आमच्याकडे मिश्रीला कुणी व्यसन म्हणतच नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी उठलं की बोटाने दातांना लावायची. दात घासतेय, दुसरं काय? फक्त हे दात सकाळी घासायचे, जेवल्यावर घासायचे, भांडी घासता घासता घासायचे आणि शेजारीण आली की तिच्यासोबत बसून पुन्हा घासायचे. इतके स्वच्छ दात जगात कुणाचे नसतील, आणि इतके काळेही.

हिरड्या सुजल्या म्हणून मी अलिबागला दातांच्या मॅडमकडे गेले. सोबत शालनला नेलं. शालन म्हणजे माझी शेजारीण, आमच्या दोघींच्या परसात मधे फक्त एक कुंपण. वयाने माझ्याहून बरीच लहान, मला वैनी म्हणते. मला मॅडमनी औषध दिलं आणि आलीच आहे तर हिचंही बघू म्हणून शालनला तोंड उघडायला लावलं. तर हिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा. मॅडम म्हणाल्या, आजपासून मिश्री बंद, अगदी बंद. चट्टा वाढला तर गोष्ट हाताबाहेर जाईल. शालनची पोर अजून अंगणवाडीत जाते हो. येताना एसटीत ती गप्प खिडकीबाहेर बघत होती आणि मी सुद्धा गप्प होते. मी गप्प बसते असे प्रसंग फार येत नाहीत.

त्या मॅडमनी मोबाइलवर एक ग्रुप काढला होता, मिश्री सोडणाऱ्या बायकांचा. थळच्या, बोर्ली पंचतनच्या, कुठल्या कुठल्या बायका त्यात, आणि आम्ही दोघीही. रोज सकाळी प्रत्येकीने बोलून पाठवायचं, काल लावली की नाही लावली. नियम एकच. चुकून लावली तर सांगून टाकायचं, कुणी रागावणार नाही, तुमचा पुन्हा पहिला दिवस सुरू. पण लपवलं तर ग्रुपबाहेर.

शालनला त्या ग्रुपचा फार आधार झाला. नवरा मुंबईला कामाला, शनिवारी येतो. घरात सासू, तीही विहिरीपाशी घसरल्यापासून खाटेवर. बोट शिवशिवायला लागलं की शालन ग्रुपवर लिहायची, मग कुणी ना कुणी तिला गप्पांत गुंतवून ठेवायचं. मला म्हणाली होती, "वैनी, हा ग्रुप नसता ना, तर मी कधीच डबी उघडली असती." हे मला माहीत होतं. पुढे जे काय मी केलं ते हे माहीत असताना केलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता माझा स्वभाव. आमचे हे म्हणतात, मासळीचे कल्ले उघडून बघतेस ते ठीक आहे, पण तू माणसांचेही उघडून बघतेस. बघते! का नाही बघायचे? रोज सकाळी एवढ्या बायका मोबाइलवर "नाही लावली, नाही लावली" म्हणतात, म्हणजे सगळ्या खरंच बोलतात? एवढं खरं बोलणारी माणसं एका ठिकाणी कधी जमली आहेत का?

म्हणून मी त्यांचे आवाज ऐकायचे, नीट कानाला लावून. तुम्हाला माहीत असेल, मिश्री तोंडात असली की बाई हनुवटी वर करून बोलते, ओठ न मिटता. आवाज लगेच कळतो. बोर्लीची एक होती, एके दिवशी तिचा आवाज अगदी तसा आला. मी लगेच लिहिलं, आधी थुंकून ये, मग बोल. तिने तिथेच फोटो टाकला. दाढ काढली होती बिचारीची, तोंडात कापसाचा बोळा होता. मॅडमनी मला वेगळा फोन करून समजावलं. मी हो हो म्हटलं. पण मनात म्हटलं, दाढ काढली हे खरं, पण कापसाला काय लावलं होतं ते कुणी बघितलंय?

मग मॅडमनी आमच्या गावाची गटप्रमुख नेमली. शालनला! मला वाईट वाटलं असं नाही हां. मी वयाने मोठी, मीच तिला मॅडमकडे नेलेलं, सगळ्यांवर लक्ष मीच ठेवणार आणि प्रमुख ती. पण मला काही वाटलं नाही. फक्त त्या दिवशी आमच्या आमटीत मीठ दोनदा पडलं.

आणि पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, तो वास आला.

मिश्री भाजल्याचा वास लपत नाही. आळीतला कुत्रा सुद्धा शिंकतो. मी परसात उभी राहून नाक वर केलं, तर वास सरळ शालनच्या स्वयंपाकघरातून. माझ्या अंगावर काटाच आला. मी वाटी घेतली आणि विरजण मागायला निघाले. घरात माझं चांगलं पातेलंभर दही होतं, पण विरजण मागायला काय जातंय?

शालनने दार उघडलं ते पदराने नाक-तोंड बांधून. डोळे लाल. मागे ओटा धुतलेला, तवा पालथा घातलेला. मी विचारलं, काय भाजत होतीस गं? म्हणाली, मिरच्या. मी सगळीकडे नजर फिरवली, मिरचीचं एक देठ दिसलं नाही. वर फळीवर एक पितळी डबी होती. मी बघतेय म्हटल्यावर तिने तिच्यापुढे साखरेचा डबा सरकवला. विरजण मात्र भरपूर दिलं. एवढं विरजण कुणी उगाच देतं का?

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं, "आपल्यात एक जण सकाळी नाही लावली म्हणते आणि दुपारी तवा तापवते." नाव घेतलं नाही. म्हटलं, जिचं तिला कळेल.

कळलं कसलं! एकीला सोडून सगळ्यांना कळलं. थळच्या एकीने लिहिलं, हो मॅडम, मीच ती, नणंदेच्या साखरपुड्याला लावली होती. दुसरी म्हणाली, मी लावली नाही, नुसता वास घेतला. तिसरीला वाटलं, तिच्या सासूनेच मला फोन करून तिची चुगली केली. ती घरात भांडायला लागली आणि भांडता भांडता ते भांडणही ग्रुपवर पाठवलं, आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. दोघी रुसून ग्रुप सोडून गेल्या. संध्याकाळपर्यंत नाव सांगा, नाव सांगा असा सगळ्यांनी धोशा लावला. शालन तेवढी गप्प.

मग मी नाव टाकलं.

गटप्रमुखच अशी? आम्हाला गोड गोड सांगायची आणि स्वतः? काढा हिला. काय काय आलं त्यावर. कालपर्यंत ज्या गप्पा मारून हिला सावरायच्या त्याच बायका. शालनने एवढंच लिहिलं, "मी लावत नाही." आणि आमच्या बाजूची खिडकी ओढून घेतली. त्या खिडकीतून आम्ही रोज कालवणाच्या वाट्या देतो-घेतो. कालवणाची वाटी मी तशीच परत घेऊन आले. पण लगेच वाटलं, खरी असती तर भांडली नसती का? मी असते तर आळी डोक्यावर घेतली असती.

मॅडमचा मला फोन आला. म्हणाल्या, ताई, उद्या दिवेलागणीला सगळ्या व्हिडिओवर बसू. पुरावा असेल तर घेऊन या, नसेल तर सगळ्यांसमोर माफी मागा. आणि शालनला बाहेर काढायची वेळ आली, तर तिच्या तोंडातला तो चट्टा तुम्हाला माहीत आहे ना?

माहीत होता. पण माफी? मी?

दुसऱ्या दिवशी शालन वाडीत सुपाऱ्या गोळा करायला गेली तशी मी मागच्या दाराने आत शिरले. मागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या दारासमोर, तिची सासू, आम्ही काकी म्हणतो त्यांना, डोळे मिटून पडलेल्या. म्हातारीला झोप लागली होती. मी पाय न वाजवता फळीपाशी गेले, साखरेचा डबा सरकवला, पितळी डबी उघडली. आत काळी पूड. पण शालनने मागे ग्रुपवर सांगितलं होतं, की आता ती करवंटी जाळून केलेल्या राखुंडीने दात घासते. राखुंडी पण काळीच. वास घ्यावा तर कालच्या धुराने नाक चोंदलेलं. आता ही राखुंडी की मिश्री? खोटा आळ घ्यायला मी काय अशी तशी बाई आहे? मी तिथेच पक्की खात्री करून घेतली आणि डबी पदराखाली घालून घरी आले.

दिवेलागणीला मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून मी बसले. हे कंपनीतून पहिली पाळी करून आले होते, ते मागे सुपारी कातरत बसले. मोबाइलवर सगळ्यांचे चेहरे. शालन काकींच्या खाटेपाशीच बसलेली, पदर डोक्यावरून घेतलेला.

मी डबी वर धरून दाखवली. म्हटलं, ही बघा, हिच्या फळीवरची.

शालन डबीकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "ती आत्यांची आहे."

सासूला ती आत्या म्हणते. मग तिने सांगितलं. सासूचे हात कापतात, तव्यापाशी उभं राहता येत नाही. मिश्री मिळाली नाही की त्या जेवत नाहीत, रडतात. म्हणून शालन दर आठवड्याला, एरवी मी बाजाराला गेले की, तोंडाला ओला पदर बांधून त्यांच्यासाठी भाजते, कुटते आणि रोज स्वतःच्या बोटाने त्यांना लावते. मग साबणाने हात धुते, वास जाईपर्यंत धुते. त्या दुपारी धुराने तिला इतकी तलफ आली की ती वाडीत जाऊन रडली. म्हणाली, "मी सांगितलं नाही कारण त्या काय आपल्या ग्रुपात नाहीत. त्यांचं नाव इथे कशाला काढू?"

ऐकलंत? ज्या वासाने मला वेड लागायची पाळी आली, तो वास ही रोज बोटावर घेत होती आणि तोंडाला लावत नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगते, तिथेच तोंड मिटून बसले असते तर आज हा चहा सुखाने पीत असते.

पण मी म्हटलं, "काकींना दात कुठे आहेत?"

खाटेवरून आवाज आला, "हिरड्या हायत ना, बाय."

बायका हसल्या. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, अहो ताई, तुम्ही डबी उचलून आणलीत, तिला आधी विचारायचं तरी. उद्या ती नुसती राखुंडी निघाली असती तर?

आता सगळं गेलं होतं. एक गोष्ट तरी माझी खरी ठरावी की नाही? मी ताठ बसले आणि म्हटलं, "राखुंडी नाही मॅडम, मिश्रीच आहे. मी खात्री केली आहे."

"कशी?" मॅडमनी विचारलं.

मी डबीचं झाकण घट्ट लावलं. मागे सुपारी कातरायचा आवाज थांबला. मोबाइलवरच्या सगळ्या बायका पुढे वाकून माझ्याकडे बघायला लागल्या.

खाटेवरून काकी म्हणाल्या, "लावून बगितली की तिनं. मी जागीच व्हते. आधी या अंगाला, मग त्या अंगाला. डोलं मिटून. मी म्हटलं, लावूदे, लय दिसांची उपाशी दिसतेय."

पुढे काय हसणं झालं ते सांगत नाही. बोर्लीची ती दाढवाली तर मोबाइलमधून दिसेनाशीच झाली, खाली पडली असावी. आमचे हे उठून परसात गेले, तिथून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ताई, लावलीत याचं काही नाही, पण विचारल्यावरही लपवलंत. नियम तुम्हाला माहीत आहे. बाकीच्या ओरडायला लागल्या, काढा, काढा. आणि त्या क्षणी मला कळलं की मला जायचं नाहीये. सकाळी उठून कुणाचे आवाज ऐकणार मी? माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो.

शालनने पदर सारखा केला. गटप्रमुख ती, बोलायचा मान तिचा.

"मॅडम, नका काढू त्यांना," ती म्हणाली. "सांभाळून घेऊ. नवीन आहेत, आज पहिलाच दिवस आहे त्यांचा."